अकरा पॉइंट दोन फॅटची म्हैस

२००९ च्या पावसाळ्यात संगमनेर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर एका म्हशीला ११.२ फॅट लागली.

दुधाच्या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. म्हशीच्या दुधाला साडेसहा-सात फॅट लागली की घरात दोन दिवस वातावरण बरं असतं. गायीच्या दुधाला चारच्या आसपास लागते. दर फॅटवर ठरतो, त्यामुळे रांगेतला प्रत्येक माणूस काट्याकडे कमी आणि फॅटच्या आकड्याकडे जास्त बघतो. अशा रांगेत ११.२ ची पावती निघाली. मागोमाग एका गायीला ८.६ लागली. सचिव गोंधळले, रांग खूश झाली, आणि एका आजोबांनी म्हणे सूचना केली की मशीन आत्ता कुठं नीट चालायला लागलंय, कुणी हात लावू नका.

पावणेसातला मला फोन आला. "मॅडम, तुमचा डबा वजन फॅटमध्ये टाकतोय."

डबा आमचा होता आणि त्यातलं फर्मवेअर, म्हणजे आतल्या चिपमध्ये भरलेला प्रोग्राम, माझं.

आमची कंपनी म्हणजे भोसरी एमआयडीसीतली एक शेड. तेव्हा चौदा माणसं होतो, त्यातले दोघं अर्धवेळ. इलेक्ट्रॉनिक काटा आणि कॉम्प्युटर यांच्या मधला डबा आम्ही बनवतो. काट्यावर कॅन ठेवला की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये जातं; सचिवांनी ते हातानं टाइप करायचं नाही. (हातानं बदलताही येत नाही, हा विक्रीचा खरा मुद्दा. तो आम्ही पत्रकात छापत नाही.) वर्षानुवर्षं हे काम नऊ पिनांच्या सीरियल पोर्टवर चाललं. दोन्ही बाजूंना स्क्रू, एकदा पिळले की वायरला बैल बांधला तरी सुटायची नाही. मग नव्या कॉम्प्युटरना ते पोर्ट यायचंच बंद झालं आणि गिऱ्हाईक म्हणायला लागलं, यूएसबीचा द्या. दिला.

सीरियल पोर्ट तसं मुकं होतं. पलीकडे कोण जोडलंय हे त्याला कधी कळत नसे. पहिल्यावर काटा, दुसऱ्यावर फॅट मशीन, हे माणसानं ठरवायचं आणि लक्षात ठेवायचं. यूएसबीत वायर खोचल्या खोचल्या कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? त्यावर डब्यानं दोन नंबर सांगायचे असतात. एक बनवणाऱ्या कंपनीचा, तो व्हेंडर आयडी. दुसरा त्या कंपनीच्या त्या मालाचा, तो प्रॉडक्ट आयडी. आडनाव आणि नाव म्हणा. दोन्ही सोळा बिटांचे, म्हणजे सगळ्या जगात मिळून आडनावं फार तर ६५,५३६. इंटेलचं आडनाव हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, ८०८६ आहे, त्यांच्या जुन्या प्रोसेसरचा नंबर. आरटीओत ओळख असल्यावर मिळतो तसा.

आम्ही कुठलं आडनाव लावलं होतं? चिपसोबत आलेल्या नमुन्याच्या कोडमध्ये जे होतं तेच. मी तो कोड उचलला, डबा चालला, नंबर तसाच राहिला. त्या ओळीच्या डोक्यावर टीप होती की स्वतःचा नंबर टाकल्याशिवाय माल विकू नका. ती मी वाचली होती. आता इतक्या वर्षांनी ते लपवण्यात अर्थ नाही.

त्या केंद्रावर आदल्या आठवड्यात नवं फॅट मशीन आलं होतं. ते बनवणाऱ्यांनीही, आमच्यासारख्याच कुठल्यातरी शेडमध्ये बसून, तीच चिप घेतली होती, तोच नमुना उचलला होता आणि तीच टीप वाचून पुढं गेले होते. कॉम्प्युटरला एकाच नावाचे दोन जुळे दिसत होते. संकलनाचं सॉफ्टवेअर भोळं. 'हा नंबर म्हणजे फॅट मशीन' असं धरून समोर जो पहिला भेटेल त्याच्याकडून आकडा घ्यायचं. त्या सकाळी पहिला आमचा डबा भेटला. ११.२ हे दूध होतं, किलोमध्ये.

एसटीनं जाऊन दुपारपर्यंत मी नंबर बदलून आले. बदलून काय टाकला? मनानंच एक रचला. साहेब म्हणाले, झालं की मग. पण परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. हा रचलेला नंबर उद्या दुसऱ्या कुणाचा निघाला तर? आणि हे नंबर वाटणारा माणूस आहे तरी कोण?

तो 'माणूस' अमेरिकेत ओरेगनमधल्या बीव्हर्टन गावी बसतो आणि त्याचं नाव यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम. मला वाटलं होतं संयुक्त राष्ट्रसंघाचं काहीतरी खातं असेल. तसलं काही नाही. कंपन्यांनी मिळून १९९५ मध्ये काढलेली, नफा न घेणारी संस्था. आपल्याकडे दूध संघ असतो ना, तसाच हा कंपन्यांचा संघ. आणि दूध संघासारखंच इथंही, ज्यांचं दूध जास्त त्यांचा आवाज मोठा.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ मध्ये, सात कंपन्या एकत्र बसल्या होत्या: कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. कॉम्प्युटरच्या पाठीमागे तेव्हा कीबोर्डचं भोक वेगळं, माऊसचं वेगळं, प्रिंटरचं तर हातभर रुंद. सगळ्यांना मिळून एक भोक करायचं होतं. इंटेलमध्ये ज्यांच्या डोक्यात हे बसलं होतं ते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. १९९६ च्या जानेवारीत पहिली आवृत्ती निघाली आणि पुढची दोन-अडीच वर्षं ती बहुतेक कॉम्प्युटरच्या पाठीवर नुसतीच बसून राहिली. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ ला यूएसबी स्कॅनर जोडला आणि भर मंचावर निळा स्क्रीन आला, ती क्लिप सगळ्यांनी बघितलेली आहे. त्याच ऑगस्टमध्ये ॲपलनं आयमॅक आणला, त्यात जुनी भोकं काढूनच टाकली, आणि मग प्रिंटरवाले, स्कॅनरवाले झक मारत यूएसबीकडे आले.

यूएसबीच्या मानकाचा कागद कसा तयार होतो हे मला नंतर हळूहळू कळलं. लिहिणारे मूठभर, त्यांना प्रमोटर म्हणतात. त्यांचा मसुदा ०.५ पासून सुरू होतो, ०.७, ०.९ करत १.० ला पोचतो. मधल्या टप्प्यांवर आणखी बऱ्याच कंपन्यांना तो दाखवतात. त्या काना-मात्रा सुधारतात, कधी अख्खं प्रकरण पाडतात. शेवटी आमच्यासारखे 'अडॉप्टर', ज्यांनी फक्त वापरायचं. यातली खरी मेख करारात आहे. या मानकासाठी ज्याच्या पेटंटला हात लावावाच लागतो, त्यानं करारातल्या बाकीच्यांकडून त्याचा एक पैसा मागायचा नाही. लेखणी धरायची तर खिशाला कुलूप.

हे धोरण किती मोलाचं, ते फायरवायर या यूएसबीच्या प्रतिस्पर्ध्याकडे बघून कळतं. फायरवायर १९९५ मध्ये आयईईई या इंजिनीअरांच्या संस्थेचं मानक झालं. सेकंदाला ४०० मेगाबिट, तेव्हाच्या यूएसबीचे १२. व्हिडिओ कॅमेरेवाले त्यावर खूश होते. ॲपलनं मात्र आपल्या पेटंटपोटी दर पोर्टमागे एक डॉलर मागितला, आणि ओरड झाल्यावर सगळ्यांच्या पेटंटांची मोट बांधून तो दर वस्तूमागे पंचवीस सेंटवर आणला. फायरवायर त्या एका डॉलरनं मेलं असं मी म्हणणार नाही, त्याची चिपही महाग होती. पण ज्या वस्तूवर आम्ही पाच-दहा रुपये वाचवायला आठवडा घालवतो, तिच्यात डॉलर घालायचा म्हटल्यावर पुढची चर्चाच होत नाही.

सात मित्रांचं आपसात सगळं गोड होतं असंही नव्हे. कॉम्प्युटरच्या आतल्या यूएसबी कंट्रोलरची रचना इंटेलनं एक केली, कॉम्पॅक-मायक्रोसॉफ्ट-नॅशनल सेमीकंडक्टर यांनी दुसरी. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी दोन्हींसाठी लिहायचा. वायर एक, सासर-माहेर वेगळं.

तर कागद फुकट. मी उतरवून घेतला, ६५० पानं. दिवाळीच्या सुट्टीत, फराळाचं ताट मांडीवर घेऊन नववं प्रकरण वाचलं. 'तू कोण'चे सगळे प्रश्न आणि त्यांची कशी उत्तरं द्यायची, ते त्या प्रकरणात आहे. आमच्या धंद्यात लोक नुसतं 'चॅप्टर नाइन' म्हणतात. तिथं माझी आणखी एक चूक सापडली. डब्याला किती करंट लागतो ते एका रकान्यात लिहायचं असतं. मी १०० लिहिलं होतं, १०० मिलिअँप म्हणून. तो रकाना दोन-दोन मिलिअँपच्या पटीत मोजतात. म्हणजे आमचा डबा जगाला सांगत होता की मला २०० लागतात. बिनअडॅप्टरचा हब, म्हणजे एका भोकाची चार भोकं करणारा डबा, एका भोकाला १०० च देतो, त्यामुळे तो डब्याला दारातूनच परत पाठवायचा. तसल्या तीन तक्रारी आमच्याकडे पडून होत्या आणि तिन्हींना आम्ही 'हब चायनाचा आहे, बदला' असं उत्तर दिलं होतं.

कागद फुकट असला तरी आडनाव फुकट नव्हतं. तेव्हा त्याचे एकदाच दोन हजार डॉलर पडायचे, म्हणजे लाखाला थोडे कमी. (आता सहा हजार झालेत. फोरमची सभासदी घेतली तर वर्षाला पाच हजार, त्यात नंबर येतो.) साहेबांनी आकडा ऐकला आणि चष्मा काढून ठेवला. "चार आकडी नंबराला लाख रुपये? माझ्या गाडीचा नंबर पाच हजारात आला, आणि त्याची बेरीज नऊ येते."

गंमत म्हणजे नेमक्या त्याच वर्षी आमच्यासारखाच उद्योग एका बड्या कंपनीनं जाणूनबुजून केला. पाम कंपनीचा प्री नावाचा फोन आला होता. ॲपलच्या आयट्यून्सला जोडून गाणी भरता यावीत म्हणून तो स्वतः आयपॉड असल्याची बतावणी करायचा. ॲपलनं ते बंद पाडलं. मग पामनं फोनला थेट ॲपलचं आडनाव लावायला शिकवलं, म्हणजे ॲपलचा व्हेंडर आयडी. वर फोरमकडे तक्रारही केली की ॲपल दार अडवतंय. सप्टेंबरमध्ये फोरमचं उत्तर आलं: तक्रार बाजूला ठेवा, आधी सांगा दुसऱ्याचा नंबर तुम्ही का लावला? मी ती बातमी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. मला वाटतं लाखाच्या चेकवर सही त्या कागदानं झाली. 'आपण आणि पाम' हे त्यांना आवडलं असावं.

लाख वाचवायचे मार्ग होते. काही चिपवाले आपल्या आडनावाखालचा एखादा प्रॉडक्ट आयडी छोट्या गिऱ्हाइकाला फुकट देतात. पोटभाडेकरू म्हणून राहायचं. असे पोटभाडेकरू ठेवून पैसे कमावणारेही निघाले, तेव्हा फोरमनं नंबर हस्तांतर करायला बंदी घातली. मुक्त हार्डवेअर बनवणाऱ्या हौशी मंडळींना मात्र १२०९ या आडनावाखाली आजही फुकट नंबर मिळतो. तो एका कंपनीनं हा नियम येण्याआधी घेतला होता, तिच्या वापरात नव्हता, तिनं देऊन टाकला. फोरमला ते आवडत नाही आणि काही करताही येत नाही. मला हा प्रकार मनापासून आवडतो. ज्याला महिन्याला वीस नग विकायचेत त्यानं कंपनीच्या दारात लाख ठेवायचे, याला 'खुलं मानक' म्हणणं जरा जास्तच होतं. वाचायला खुलं, नांदायला नाही.

पोटभाड्यानं आमचं भागलं नसतं, कारण केनियातून एक चौकशी आली होती. तिथल्या खरेदीदाराला डब्याच्या खोक्यावर प्रमाणित यूएसबीचा लोगो हवा होता. लोगो लावायचा तर नंबर पाहिजे, लोगोचा करार पाहिजे, आणि मुख्य म्हणजे चाचणी पास पाहिजे.

चाचणीचे दोन रस्ते. एक, फोरमच्या कार्यशाळेला जायचं. पुण्यातल्या एका चिप कंपनीत माझी मैत्रीण आहे, ती अशा एका मेळ्याला जाऊन आली. ती सांगते, हॉटेलच्या खोल्या खोल्यांमधून लोक आपापली यंत्रं मांडून बसतात आणि ठरलेल्या वेळेला आपली वस्तू घेऊन शेजारच्या खोलीत जायचं, प्रतिस्पर्ध्याच्या लॅपटॉपला जोडायची आणि दोघांनी श्वास रोखून बघायचं. नापास झालात तर ते बाहेर कुणी बोलायचं नाही. लग्नाच्या बोलणीसारखं. दुसरा रस्ता, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला नग पाठवायचे. आम्ही तैवानला तीन नग कुरिअर केले.

पंधरा दिवसांनी पीडीएफ आलं. चॅप्टर नाइन पास. तो तपासायचा प्रोग्राम फोरम फुकट देतो, मी घरीच दहा वेळा चालवून पाठवलं होतं. सिग्नलचा आय डायग्राम पास. डोळ्याच्या आकाराचं चित्र असतं, मधल्या बाहुलीला रेघ शिवली की नापास. आमचा डोळा छान उघडा होता. मग दोन ठिकाणी लाल अक्षरं.

पहिलं, इनरश करंट. वायर खोचल्याच्या क्षणी डबा किती करंट ओढतो ते. पुस्तकाप्रमाणे वस्तूनं कॉम्प्युटरसमोर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटर उघडा ठेवायचा नाही. आमच्या बोर्डावर १०० चा होता. मी टेक्निशियनला विचारलं, हा एवढा का? तो म्हणाला, "मॅडम, गावाकडं लाइटीचा भरवसा नाही, म्हणून मीच मोठा टाकला." भाबडेपणानं. रिकामा कपॅसिटर म्हणजे रिकामी टाकी. नळ सोडला की पहिलं पाणी सगळं ती पिते, आणि तेवढ्या क्षणापुरती शेजारच्या घरातली धार बारीक होते. ते वाचताना मला त्याच संगमनेरच्या सचिवांची जुनी तक्रार आठवली. "डबा खोचला की माऊस मरतो." आम्ही त्यांना दोन माऊस बदलून दिले होते. तैवानातल्या कुण्या अनोळखी इंजिनीअरला आमच्या सचिवांचं नाव माहीत नव्हतं, त्यांचा माऊस माहीत नव्हता, आणि त्यानं तीन पानांत आम्हाला दाखवून दिलं की माऊस का मरत होता.

तेव्हापासून चाचणीच्या फीबद्दल मी कुरकुर केलेली नाही. आडनावाच्या फीबद्दल करते.

दुसरं लाल अक्षर होतं सस्पेंड करंट. कॉम्प्युटर झोपला की त्याला जोडलेल्या वस्तूनंही झोपायचं, झोपेत २.५ मिलिअँपच्या वर खायचं नाही. आमचा डबा झोपेत चौदा खात होता. प्रोसेसरला झोपवणं माझं काम, ते मी दोन दिवसांत केलं. तरी नऊ उरले. ते नऊ खात होता डब्यावरचा लाल दिवा.

हा दिवा म्हणजे साहेबांचा जीव. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाइकानं पैसे दिलेत तर त्याला काहीतरी पेटलेलं दिसलं पाहिजे. दीड तास वाद झाला. शेवटी केनियाच्या नगांत दिवा झोपवायचा ठरला, कपॅसिटर १० चा केला, मोठा हवाच होता तो सॉफ्ट-स्टार्टच्या, म्हणजे करंट हळूहळू सोडणाऱ्या सर्किटच्या, मागे ढकलला, पुन्हा तीन नग गेले आणि पास होऊन आले. चाचणीचा नंबर मिळाला, फोरमच्या यादीत आमच्या शेडचं नाव लागलं. व्हेंडर आयडी तर आधीच ई-मेलनं आला होता, साध्या दशमान आकड्यात. तो हेक्समध्ये करून मी पहिल्यांदा कोडमध्ये लिहिला तेव्हा टेक्निशियननं बोर्डाला कुंकू लावलं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती आणि अजून खटकते. आमचा डबा ज्या काट्याला जोडतात, त्या काट्याचं दरवर्षी पासिंग असतं. वैधमापनचे निरीक्षक प्रमाण वजनं ठेवून तो एकेक काटा तपासतात, शिक्का मारतात, शिशाचं सील करतात. तोच काटा, तिथंच. यूएसबीत तपासले आमचे तीन नग. निवडून, पुसून, फोममध्ये बसवून आम्हीच पाठवलेले. त्यानंतर आम्ही बोर्डावर काय चिकटवतो ते बघायला बीव्हर्टनहून कुणी भोसरीला येत नाही. लोगोमागे आहे तो करार आणि बनवणाऱ्याची लाज.

आणि ज्यांनी करारच केलेला नाही त्यांचं काय? टाइप-सी आलं तेव्हा ते सगळ्यांना कळलं. २०१५ मध्ये गूगलचा बेन्सन ल्युंग नावाचा इंजिनीअर ॲमेझॉनवरच्या टाइप-सी केबली स्वतःच्या पैशानं विकत घेऊन एकेक तपासायला लागला. जुन्या चौकोनी तोंडाची आणि नव्या सी तोंडाची केबल असेल तर तिच्या आत ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर लागतो. त्यावरून फोनला कळतं की पलीकडे जुनं, अशक्त पोर्ट आहे, बेतानं ओढ. कित्येक केबलींत १० किलोओहमचा होता, म्हणजे फोनला निरोप मिळायचा की तीन अँपिअर घे, आहेत. नसायचे. पुढच्या फेब्रुवारीत एका केबलीनं त्याचा लॅपटॉपच मारला, तिच्यात तर प्लस आणि ग्राउंड उलटे जोडलेले होते. मार्चमध्ये ॲमेझॉननं नियमाबाहेरच्या टाइप-सी केबली विकायला मनाई केली. एका माणसाच्या चिकाटीनं जे झालं ते फोरमच्या लोगोनं झालं नव्हतं, हे फोरमच्या बाजूनं असूनही मला म्हणावं लागतं. आजही पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर घ्यायला गेले की प्रत्येक पाकिटावर काही ना काही छाप असतो. छापायला शाई लागते, बाकी काही लागत नाही.

नावांचा घोळ तर फोरमनं स्वतःच्याच हातानं घातला. २००८ साली जे ३.० म्हणून जन्मलं, त्याचं पुढं '३.१ जेन १' झालं, मग '३.२ जेन १'. वेग तोच, ५ गिगाबिट. लग्न एकदाही न होता दोनदा नाव बदललं. २०२२ मध्ये शहाणपण सुचून आता खोक्यावर नुसता वेग छापा म्हणाले.

या मंडळींना निवडून कुणी दिलेलं नाही, तरी त्यांचा कागद आज कायद्यात शिरलाय. टाइप-सीचं मानक आयईसी या विजेच्या वस्तूंची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं उचललं, युरोपानं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला ते सक्तीचं केलं, आपल्या भारतीय मानक ब्युरोनंही तेच स्वीकारलं. माझ्या भाच्याला चार्जर उसना मिळतो, एवढ्यापुरती मी खूश आहे.

केनियाचे नग गेले, पैसे आले, पुन्हा मागणी आली. इकडे संगमनेरला सचिवांकडे आम्ही तोच नवा, पास झालेला डबा बसवला. म्हटलं, ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं त्यांना आधी. चौथ्या दिवशी पावणेसातला फोन.

"मॅडम, डबा मेला."

मेला नव्हता. रात्री कॉम्प्युटर झोपला, डबा झोपला, दिवा विझला. सकाळी अंधारात दार उघडल्यावर सचिव आधी कोपऱ्यातला लाल दिवा बघायचे. तो दिसला की आजचं संकलन होणार. मी फोनवरूनच माऊस हलवायला सांगितला. दिवा लागला. पाचव्या दिवशी पुन्हा फोन. आठव्या दिवशी साहेब म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"

म्हणून आता आमच्याकडे दोन प्रकारचे डबे बनतात. बाहेर जाणारे झोपतात. इथले झोपत नाहीत, त्यांचा दिवा रात्रभर जळतो, आणि तपासलेल्या नगापेक्षा ते वेगळे म्हणून त्यांच्या खोक्यावर लोगो नसतो. कपॅसिटर मात्र दोन्हींत १० चाच. त्यावर मी कुणाचं ऐकलं नाही.

मध्ये सचिव काही कामानं पुण्याला आले होते, शेडवर चहाला आले. पॅकिंगच्या टेबलावर दोन्ही खोकी शेजारी शेजारी होती. त्यांनी उचलून नीट बघितली.

"हा छाप आमच्या खोक्यावर का नाही?"

"तुम्हाला दिवा पाहिजे होता ना."

त्यांनी दोन्ही खोकी परत टेबलावर ठेवली. "मग राहू द्या छाप," म्हणाले.